एक्स्प्लेन्डच्या पुढे टू, बोअर्डच्या पुढे विथ: गूगल एनग्राम व्ह्यूअर दोन वर्षं वापरल्यावर

सुरुवात एका मेलपासून झाली. कामाच्या मेलमध्ये मी लिहिलं होतं, आय वॉज एक्स्प्लेन्ड द प्रोसेस, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका ताईंनी तो मेल पुढे पाठवताना काही न बोलता ते वाक्य बदलून द प्रोसेस वॉज एक्स्प्लेन्ड टू मी असं केलं. मी बराच वेळ दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघत बसले. मला माझंच बरोबर वाटत होतं, कारण डोक्यात मराठी वाक्य होतं ना, मला प्रोसेस समजावून सांगण्यात आली, त्यात मला पहिलं येतं आणि तेच आय होऊन इंग्लिशमध्ये पुढे जाऊन बसलं. शिवाय आय वॉज टोल्ड चालतं, आय वॉज गिव्हन चालतं, आय वॉज शोन चालतं, मग एक्स्प्लेन्डनेच काय घोडं मारलं?

कारण नंतर कळलं आणि कळल्यावर इतकं सोपं वाटलं. टेल मी, गिव्ह मी, शो मी, यांत माणूस थेट क्रियापदाला चिकटतो, मध्ये कोणी नाही. एक्स्प्लेनला ते चालत नाही, तिथे एक्स्प्लेन टू मीच म्हणावं लागतं. मग पॅसिव्ह केलं तरी तो टू कुठे जात नाही, तो माणसाला धरून मागेच राहतो आणि पुढे येते ती समजावलेली गोष्ट. सजेस्टचं पण सेम. आय वॉज सजेस्टेड टू अप्लाय हे आपण सगळे सर्रास लिहितो आणि ते चुकतं.

पण हे कोणाचं तरी ऐकून पाठ करायचं का स्वतः बघायचं, या हट्टापायी मी गूगल एनग्राम व्ह्यूअरवर पोचले आणि गेली दोन वर्षं पॅसिव्ह आणि त्यापुढचं प्रेपोझिशन, म्हणजे टू, बाय, विथ वगैरे, या एकाच कामासाठी ते रोज उघडतेय. म्हणून हा रिव्ह्यू, त्या एकाच कामापुरता.

आधी आहे काय ते सांगते. गूगलने लायब्ररीतली छापील पुस्तकं स्कॅन करून त्यांतला मजकूर मोजून ठेवलाय आणि हे टूल डिसेंबर २०१० मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. तेव्हाच्या संचात ५० लाखांवर पुस्तकं होती, आजवर छापलेल्या सगळ्या पुस्तकांच्या साधारण ४ टक्के असा त्यांचा अंदाज होता, आणि पुढे २०१२ मध्ये आणखी पुस्तकं घालून शब्दांना व्याकरणाचे टॅगही लावले. आपण चौकटीत दोन-तीन शब्द टाकायचे, स्वल्पविराम देऊन त्याला पर्यायी शब्द टाकायचे, आणि कुठल्या वर्षी कुठला प्रयोग पुस्तकांत किती प्रमाणात आला याच्या रेषा समोर येतात. फुकट आहे, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत.

आता मुख्य दुखणं. शाळेत आपल्याला पॅसिव्ह शिकवलं जातं ते गणितासारखं. कर्ता कर्माची अदलाबदल करा, क्रियापदाचं व्ही थ्री, म्हणजे राइट-रोट-रिटनमधलं तिसरं रूप, करा, मध्ये इज वॉज घाला आणि शेवटी बाय लावा. शी रोट अ लेटर, अ लेटर वॉज रिटन बाय हर, पूर्ण मार्क. यातून डोक्यात एक गोष्ट कायमची बसते, व्ही थ्री म्हटलं की पुढे बाय. प्रत्यक्षात खऱ्या लिखाणातल्या बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत करणारा सांगितलेलाच नसतो, म्हणजे बाय येतच नाही, आणि जिथे व्ही थ्रीच्या पुढे काही येतं तिथे ते इन असतं, टू असतं, विथ असतं, ऑफ, अ‍ॅट, ऑन, अबाउट, फ्रॉम, काहीही असतं. इंटरेस्टेड इन, मॅरिड टू, बेस्ड ऑन, इक्विप्ड विथ, एक्स्पोज्ड टू, इन्व्हॉल्व्ह्ड इन, डिव्हायडेड इन्टू. यांतला एकही शब्द त्या शाळेतल्या साच्यातून निघत नाही. बाय हा फक्त करणाऱ्याचा आहे, बाकीची प्रेपोझिशन्स त्या त्या शब्दाची स्वतःची आहेत, त्याच्याबरोबरच जन्मल्यासारखी, आणि ती जोडीनेच शिकावी लागतात. दोन वर्षांत मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

टूलमध्ये यासाठी एक युक्ती आहे जी मला फार उशिरा सापडली. इंटरेस्टेड लिहायचं, एक स्पेस द्यायची, मग तारका, अंडरस्कोर आणि कॅपिटलमध्ये एडीपी. अर्थात सगळं रोमन लिपीत. म्हणजे आपण विचारतोय की इंटरेस्टेडच्या लगेच पुढे कुठली कुठली प्रेपोझिशन्स येतात, आणि ते सगळ्यात जास्त येणारी दहा दाखवतं. इंटरेस्टेडला इनची रेषा इतकी वर असते की बाकीच्या तळाशी चिकटून जातात, उत्तर एका नजरेत. आणि एडीपी हे अ‍ॅडपोझिशनचं छोटं रूप आहे, त्यात शब्दाच्या आधी येणारी इंग्लिशची प्रेपोझिशन्स आणि शब्दाच्या मागे लागणारी आपल्यासारखी शब्दयोगी अव्ययं दोन्ही मोडतात. इन द हाउस आणि घरामध्ये, काम तेच, फक्त बाजू उलटी. मला हे वाचून उगाच बरं वाटलं. मराठी मात्र या टूलमध्ये नाही, इंग्लिश, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, इटालियन, हिब्रू, चिनी एवढ्याच भाषा, आणि मला मराठी हवी होती. खूप हवी होती.

बाय आणि विथमधला फरक मला कुठल्याच चार्टने शिकवला नाही, तो मराठीनेच शिकवला. द विंडो वॉज ब्रोकन बाय अ स्टोन आणि द विंडो वॉज ब्रोकन विथ अ स्टोन. पहिल्यात दगड कुठूनतरी आला आणि काच गेली, दगडच कारण. दुसऱ्यात कोणीतरी दगड हातात घेऊन काच फोडली, दगड हत्यार. आता मराठीत बघा, दगडाने काच फुटली आणि दगडाने काच फोडली. ने दोन्हीकडे सेम! आपण फरक क्रियापदात ठेवलाय, फुटली आणि फोडली, इंग्लिशने तो प्रेपोझिशनमध्ये ठेवलाय, कारण त्यांचं ब्रोकन दोन्हीला एकच आहे. म्हणून आपल्याला ने दिसला की आपण डोळे झाकून बाय लावतो आणि द लेटर वॉज रिटन बाय अ ब्लू पेन असं लिहून बसतो. पेन काही स्वतः लिहीत नाही. हे एकदा लक्षात आल्यावर मी बाय लिहायच्या आधी मनात फुटली का फोडली असं विचारते आणि दहातल्या नऊ वेळा उत्तर मिळतं.

नोन या शब्दावर तर मी एक पूर्ण रविवार घालवलाय. नोन अ‍ॅज, नोन फॉर, नोन टू, नोन बाय, चारही टाकले, चारही रेषा भक्कम, कोणी खोटं नाही. इथे टूल हात वर करतं, कारण ते फक्त मोजतं, अर्थ सांगत नाही, आणि इथे चारही बरोबर आहेत पण अर्थ चार आहेत. म्हणून ओळखला जातो तिथे अ‍ॅज. च्यासाठी प्रसिद्ध आहे तिथे फॉर. पोलिसांना तो आधीपासून माहीत आहे, तिथे ही इज नोन टू द पोलिस, म्हणजे ज्यांना माहीत आहे त्यांच्या आधी टू. आणि चालण्यावरून ओळखू येतो अशा जागी बाय. मराठीत म्हणून, साठी, ला, वरून असे चार वेगळे धागे आधीच आपल्याकडे आहेत, फक्त इंग्लिश लिहिताना आपण ते विसरून सगळीकडे बाय ओढतो. मेडचं पण तसंच, वस्तू बघून कशाची आहे ते अजून दिसत असेल तर मेड ऑफ, टेबल लाकडाचं, आणि मूळ पदार्थाचं रूपच पालटलं असेल तर मेड फ्रॉम, कागद लाकडापासून. च्या आणि पासून, तंतोतंत. कन्सर्न्ड विथ म्हणजे विषय काय आहे, कन्सर्न्ड अबाउट म्हणजे काळजी वाटणं, ही पण अशीच जोडी.

जिथे टूल खरंच चमकतं ते म्हणजे भावना दाखवणारी व्ही थ्री. सरप्राइज्ड, बोअर्ड, डिसअपॉइंटेड, अनॉइड, वरीड. ही दिसायला पॅसिव्ह आहेत पण वागायला विशेषणं आहेत, एक साधी टेस्ट आहे, आधी व्हेरी लावून बघा. व्हेरी वरीड होतं, व्हेरी रिटन होत नाही. विशेषण झालेल्या या शब्दांची प्रेपोझिशन्स काळाबरोबर हलतात आणि ते हलणं चार्टवर डोळ्यांनी दिसतं. बोअर्ड विथ आणि बोअर्ड ऑफ टाकून बघा. विथ जुना आणि पुढे, आणि ऑफची रेषा किती तरी वर्षं जमिनीवर पडून राहून अलीकडच्या काळात चढायला लागलेली. म्हणजे बोअर्ड ऑफ बोलताना लोक म्हणतात ते उगाच नाही, पण फॉर्मल ठिकाणी मी अजून विथच लिहीन कारण बऱ्याच जणांच्या कानाला ऑफ खटकतो. सरप्राइज्डला एकोणिसाव्या शतकात अ‍ॅटचं राज्य होतं, बाय नंतर वर आला, आणि जुन्या पुस्तकांतल्या सरप्राइज्ड बायचा अर्थ पुष्कळदा आश्चर्य नसून शत्रूने अचानक गाठलं असा असतो, हे पण लक्षात ठेवा नाहीतर चार्ट बघून भलताच निष्कर्ष काढाल. मी काढला होता आणि एका मैत्रिणीला ठासून सांगितलाही होता, नंतर फोन करून दुरुस्त केला.

आणि बाय स्वतः तरी कुठे कायमचा होता. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये येशूला सैतान मोहात पाडतो तिथे टेम्प्टेड ऑफ द डेव्हिल असं आहे. करणाऱ्याच्या आधी ऑफ! त्या काळी ते सरळ इंग्लिश होतं. जो बाय आपण शाळेत अटळ नियम म्हणून घोकला तो हळूहळू बाकीच्यांना बाजूला सारून बसलेला आहे, हे कळल्यावर मला व्याकरणाबद्दल जी भीती होती ती बरीचशी गेली. चार्टवर मात्र हे शोधू नका, कारण ते वाक्य नंतरच्या शेकडो पुस्तकांत उद्धृत होत राहिलंय आणि टूलला नवं लिखाण कुठलं आणि जुनं उतरवलेलं कुठलं ते कळत नाही.

दुसरी जागा जिथे मला खूप मदत झाली ती म्हणजे लाफ्ड अ‍ॅट, लुक्ड आफ्टर, डेल्ट विथ, रिलाइड ऑन ही मंडळी. इथे प्रेपोझिशन क्रियापदाचाच भाग आहे, पॅसिव्हमध्ये ते गाळायचं नसतं. एव्हरीवन लाफ्ड अ‍ॅट हिमचं ही वॉज लाफ्ड अ‍ॅट होतं आणि वाक्य अ‍ॅटवर संपतं, आणि वर करणारा सांगायचा असेल तर ही वॉज लाफ्ड अ‍ॅट बाय एव्हरीवन, दोन प्रेपोझिशन्स एकाला एक लागून. आपल्या डोळ्यांना ते इतकं विचित्र दिसतं की आपण हमखास एक खोडतो, आणि खोडतो ते अ‍ॅट, कारण बायवर आपला जीव जास्त. मी किती तरी वर्षं ही वॉज लाफ्ड बाय एव्हरीवन लिहीत आलेय. लाफ्ड अ‍ॅट बाय असं टाकल्यावर छापील पुस्तकांत ते खरंच तसंच येतं हे दिसलं तेव्हा कुठे हात धजावला. प्रेपोझिशनवर वाक्य संपवू नये हा आक्षेप कवी ड्रायडनने १६७२ मध्ये घेतला होता आणि तो अजून कोणी ना कोणी सांगत असतो, पण या पॅसिव्हमध्ये दुसरा मार्गच नाही. द हाउस हॅज नॉट बीन लिव्ह्ड इन फॉर इयर्स यातला इन काढून दाखवा.

इथेच टूलची एक मर्यादा आडवी येते. ते एका वेळी जास्तीत जास्त पाच शब्दांची ओळ शोधतं. वॉज टेकन अ‍ॅडव्हांटेज ऑफ बाय बरोबर पाचात बसतं, पण हॅज बीन टेकन केअर ऑफ बाय सहा शब्द झाले, गेलं. मग मी शेवटचे टेकन केअर ऑफ बाय एवढेच टाकते.

टूच्या पुढे आयएनजी हा आणखी एक नेहमीचा खड्डा. वी आर कमिटेड टू इम्प्रूव्ह असं आपण लिहितो कारण टू म्हटलं की मूळ क्रियापद हे पण शाळेतलंच. कमिटेड, डेडिकेटेड, ओपोज्ड, सवय असणं या अर्थाचा यूज्ड, यांच्यापुढचा टू हा प्रेपोझिशन आहे, त्याला नाम लागतं किंवा आयएनजी लागतं. कमिटेड टू इम्प्रूव्हिंग आणि कमिटेड टू इम्प्रूव्ह स्वल्पविरामाने टाका, बघा कोण पुढे येतं, वाद मिटेल.

आता तक्रारी, कारण हे टूल जसं शिकवतं तसं फसवतंही. मॅरिडला टू लागतो, मॅरिड विथ नाही, हे ठाऊक असूनही मॅरिड विथची रेषा चार्टवर दिसते, कारण मॅरिड विथ टू चिल्ड्रन, म्हणजे लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत. तिथे विथ जोडीदाराचा नाहीच. असं काही दिसलं की चार्टखालच्या लिंकवरून पुस्तकातलं मूळ वाक्य उघडून बघायचंच, नुसत्या रेषेवर विश्वास टाकायचा नाही. दुसरं, १८०० च्या आधीच्या पुस्तकांत एस हे अक्षर पुष्कळ ठिकाणी लांब आकाराचं छापायचे आणि ते एफसारखं दिसतं, त्यामुळे मशीन सरप्राइज्डचं फरप्राइफ्ड वाचतं आणि मोजणी चुकते, नंतरच्या आवृत्त्यांत हे सुधारलंय पण इतक्या मागचं काही ठरवताना जपूनच. तिसरं, प्रत्येक पुस्तक एकदाच मोजलं जातं, मग ते लाखोंनी वाचलेलं असो वा कोणीच न वाचलेलं, आणि विसाव्या शतकात शास्त्रीय पुस्तकांचा वाटा वाढत गेला, त्यामुळे असोसिएटेड विथ, बेस्ड ऑन असले शोधनिबंधांत ठासून भरलेले प्रयोग चढताना दिसतात ते सगळे साध्या भाषेत चढलेत असं धरू नका. चौथं, ४० पेक्षा कमी पुस्तकांत आलेली ओळ ते दाखवतच नाही, म्हणजे काही सापडलं नाही याचा अर्थ चूकच असा नसतो, दुर्मीळही असू शकतं. आणि कॅपिटल स्मॉल अक्षरांचा फरक करतं, त्यासाठी वेगळं बटण दाबावं लागतं, पण तारका वापरलीत तर त्याच शोधात ते बटण चालत नाही. हे मला फार त्रासदायक वाटतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जास्त वेळा छापलं गेलं म्हणजे सगळ्यांना मान्य झालं असं नाही. कम्प्राइज्ड ऑफची रेषा विसाव्या शतकात छान चढलीय, तरी ते वाचून कपाळाला आठ्या घालणारे संपादक आजही आहेत, त्यांना कम्पोज्ड ऑफ द्या, भांडण नको. आणि इज कन्सिस्टेड ऑफ मात्र कोणालाच देऊ नका, कन्सिस्टचं पॅसिव्ह होतच नाही, नुसतं कन्सिस्ट्स ऑफ.

म्हणून एकट्या या टूलवर राहू नका, शेजारी एक चांगली शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी ठेवा, त्यात शब्दाखाली कुठलं प्रेपोझिशन कुठल्या अर्थाला हे ठळक दिलेलं असतं. माझी पद्धत अशी की आधी डिक्शनरीत अर्थ बघते, दोन पर्याय उरले तर एनग्रामवर टाकते, ब्रिटिश आणि अमेरिकन वेगवेगळे निवडून, आणि मग वहीत जोडी लिहिते, कधीच एकटा शब्द नाही. वहीत इक्विप्ड असं कुठे सापडणार नाही, इक्विप्ड विथच सापडेल.

अगदी नव्याने इंग्लिश शिकणाऱ्याला मी हे देणार नाही, गोंधळेल. ज्याला पॅसिव्ह बनवता येतं पण पुढच्या प्रेपोझिशनपाशी पेन अडतं त्याच्यासाठी पाचपैकी चार. एक गुण कापला तो अर्थ न सांगण्याबद्दल.

परवाच एक काम रखडल्याबद्दल मेल लिहायचा होता. डिसअपॉइंटेडच्या पुढे इन, विथ, बाय तिन्ही टाकून पाहिले, तिन्ही चालतात. पण इन बहुतेक वेळा माणसाबद्दल येतो, आय अ‍ॅम डिसअपॉइंटेड इन यू म्हणजे तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, ते फार लागतं. समोरच्यांनी मनापासून काम केलं होतं, फक्त वेळ चुकली होती. मी वी आर डिसअपॉइंटेड बाय द डिले असं लिहिलं आणि पाठवलं.